पुढची कादंबरी कोणती?

एकट्याने वाचायची कादंबरी निवडणे आणि अकरा जणांनी मिळून वाचायची कादंबरी निवडणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत. एकटा वाचणारा विसाव्या पानावर कंटाळला तर पुस्तक मिटून ठेवतो. कोणाचे काही बिघडत नाही. मंडळात मात्र एकाने पुस्तक मिटले की तो पुढच्या बैठकीला येताना संकोचतो, त्याच्या पुढच्याला तो गप्प बसतो आणि तिसऱ्या बैठकीला येतच नाही. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या लष्करी शाळेत मराठी वाचणारे कॅडेट मुळातच मोजके. त्यांतले दोघे गळाले तर मंडळ बंद पडायला वेळ लागत नाही. म्हणून "पुढे काय वाचायचे?" हा प्रश्न पाच मिनिटांत हात वर करून सोडवण्यासारखा नाही. नव्या सत्रासाठी पुस्तक निवडायचे आहे, तेव्हा ही निवड कशी करावी आणि या वेळी माझे मत कोणत्या पुस्तकाला आहे, ते येथे सविस्तर मांडतो. पालकांनीही हे वाचावे, कारण त्यांच्यासाठीही यात एक काम आहे.

सुरुवात पानांच्या हिशेबापासून करू. कॅडेटचा दिवस पी.टी.ने उजाडतो आणि प्रेप संपवून लाइट्स आउटला मावळतो. या सगळ्यात कादंबरीच्या वाट्याला फार तर वीस मिनिटे येतात, तीही मेसमधून लवकर परत आलात तर. सराईत वाचक वीस मिनिटांत मराठीची दहा पाने वाचतो. पण मंडळाचा वेग सराईत वाचकावरून ठरवायचा नसतो. रूट मार्चमध्ये तुकडी किती वेळात पोहोचेल हे सर्वांत पुढच्यावर नव्हे, तर सर्वांत सावकाश चालणाऱ्यावर ठरते. सातवी-आठवीतला, अर्धे शिक्षण केंद्रीय विद्यालयात झालेला मुलगा तेवढ्याच वेळात पाच पाने वाचेल. सहा दिवसांची तीस आणि रविवारची पंधरा धरली तर आठवड्याला पंचेचाळीस पाने झाली. आंतर-हाऊस स्पर्धा, चाचण्या आणि पालकदिनाची तयारी वजा केली तर सत्रात वाचनाचे धड पाच आठवडे उरतात. म्हणजे झाली सव्वादोनशे पाने. याहून जाडजूड पुस्तक चालू सत्रात घेणे म्हणजे अर्धवट सोडण्यासाठीच घेणे.

या एका हिशेबाने दरवेळी सुचवली जाणारी निम्मी पुस्तके बाजूला पडतात. नावे सुचवा म्हटले की पहिल्या मिनिटात 'मृत्युंजय', 'छावा', 'श्रीमान योगी' आणि 'पानिपत' येतात. चारही मोठ्या कादंबऱ्या, पण मंडळाच्या दृष्टीने 'मोठ्या' या शब्दाचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा लागतो. विश्वास पाटलांची 'पानिपत' सहाशे पानांच्या घरात जाते. आठवड्याला पंचेचाळीस पाने धरली तर तेरा आठवडे होतात. ही कादंबरी उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येकाने आपापल्या घरी वाचावी आणि परतल्यावर तिच्यासाठी दोन लांब बैठका घ्याव्यात. तिच्याविषयी पुढे पुन्हा बोलू, कारण तिला टाळून लष्करी शाळेचे मंडळ चालणार नाही.

'छावा'ची अडचण वेगळी आहे. शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1979 सालची. 2025 मध्ये तिच्यावर हिंदी चित्रपट आला आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला. आता चर्चा सुरू झाली की ती कादंबरीवर राहत नाही. कोणता प्रसंग पडद्यावर कसा दाखवला, पार्श्वसंगीत कसे होते, यावरच अर्धा तास जातो. चित्रपटाला नावे ठेवायची नाहीत. पण चित्रपट ताजा असेपर्यंत पुस्तक थोडे लांब ठेवावे. वर्ष-दोन वर्षांनी घेतले तर माणसे पुन्हा शब्दांकडे पाहतील.

पानांनंतर भाषा. आपल्या मंडळात तीन प्रकारचे वाचक आहेत. सातारा, सांगली, अकोला, नांदेड अशा ठिकाणी प्राथमिक शाळा मराठीत शिकून आलेले. वडील फौजेत असल्यामुळे जोधपूर, तेजपूर, अंबाला करत वाढलेले, घरी मराठी बोलणारे पण देवनागरी हिंदीसाठी शिकलेले. आणि आई मराठी, वडील दुसऱ्या भाषेचे, असे एक-दोन. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्या मुलांना 'ळ' म्हणता येतो, पण संस्कृतप्रचुर लांब वाक्य आले की त्यांची गाडी घाटात अडकते. म्हणून ऐतिहासिक कादंबरीची भारदस्त भाषा आणि बोलीभाषेतली कादंबरी यांतले त्यांना जास्त जड काय जाईल, हा प्रश्न नेहमी येतो. बहुतेक जण बोलीला घाबरतात. माझे मत उलट आहे. बोली डोळ्यांनी वाचताना अडखळते, पण कानांनी ऐकली की लगेच उलगडते. 'माजं', 'न्हाई', 'कुटं' हे शब्द छापील पाहिले की परके वाटतात आणि ऐकले की आजोळचे वाटतात.

यातून मंडळाला एक फायदा मिळतो. एरवी ज्या मुलाच्या बोलण्याला बाकीचे हसतात, तोच त्या पुस्तकापुरता जाणकार ठरतो. उद्धव शेळके यांची 'धग' (1960) घेतली तर तिच्यातल्या वऱ्हाडी संवादांसाठी अकोल्या-अमरावतीकडच्या मुलाशिवाय पान हलणार नाही. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' (1952) घेतली तर दापोलीकडच्याला भाव येईल. पुस्तक निवडताना "आपल्यात या मातीतला कोण आहे?" हा प्रश्न जरूर विचारावा. असा कोणी असेल तर ते त्या पुस्तकाच्या बाजूचे एक वजनदार कारण समजावे.

आता मुख्य मुद्दा. पुस्तक चांगले असणे आणि चर्चेला चांगले असणे यांत फरक आहे. काही उत्तम पुस्तके वाचून सगळे एकमुखाने "फार छान" म्हणतात आणि दहाव्या मिनिटाला टेबलावर शांतता पसरते. मंडळासाठी असे पुस्तक हवे, ज्याच्यात दोन समंजस माणसे एकाच प्रसंगाकडे पाहून वेगवेगळ्या निर्णयाला येऊ शकतात. कोण बरोबर आणि कोण चूक हे लेखकाने आधीच सांगून टाकले असेल, तर आपल्याला बोलायला काही उरत नाही.

'पानिपत' या कसोटीला पुरेपूर उतरते. सदाशिवरावभाऊंनी बरोबरचा बाजारबुणगा, बायकामुले आणि यात्रेकरू मागे ठेवावेत, जड तोफा सुरक्षित किल्ल्यात ठेवाव्यात आणि गनिमी काव्याने लढावे, असा सल्ला सूरजमल जाटाने दिला होता. मल्हारराव होळकरांचा कलही तिकडेच होता. भाऊंचा भरवसा मात्र इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यावर होता. ऑक्टोबर 1760 मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, तेव्हा धान्य आणि पैसा हाती लागला. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांचा दक्षिणेकडचा रस्ता बंद झाला. पुढचे अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर बसून होत्या. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद तुटली. 14 जानेवारी 1761 ला मराठे लढले ते उपाशी पोटी. आता सांगा, भाऊंनी तोफखान्यावर भरवसा ठेवला हे चूक होते का? बायकामुलांना मध्येच सोडणे शक्य होते का? कोणत्या तारखेनंतर परतीचा पर्याय संपला? ज्यांना पुढे नकाशासमोर उभे राहून असे निर्णय घ्यायचे आहेत त्यांनी या प्रश्नांवर भांडावे, आवाज चढवून भांडावे. आणि बैठकीत एखाद्या इन्स्ट्रक्टरने रसदपुरवठ्याचा हिशेब फळ्यावर मांडला तर दुधात साखर.

एक सावधगिरी हवी. ऐतिहासिक कादंबरीत तारखा आणि लढाया खऱ्या असतात, तरी तंबूतले संवाद लेखकाने रचलेले असतात. कादंबरी वाचून "भाऊ असे म्हणाले होते" असे इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. कादंबरी आणि इतिहास यांच्या नात्याचा विचार करायचा असेल तर 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांनी लिहिलेली दीर्घ प्रस्तावना मिळवावी. कादंबरी बाजूला ठेवून नुसत्या प्रस्तावनेवर एक बैठक घेतली तरी चालेल. अकरावी-बारावीच्या मुलांनी तर घ्यावीच.

रणजित देसाईंची 'स्वामी' (1962) मला स्वतंत्रपणे घ्यावीशी वाटत नाही. माधवरावांविषयी सर्वांना इतका आदर वाटतो की वाद होतच नाही. पण 'पानिपत'नंतर लगेच घेतली तर चित्र बदलते. पानिपतानंतर सहा महिन्यांत, वयाच्या सोळाव्या वर्षी माधवरावांना पेशवेपद मिळाले, आणि सत्ताविसाव्या वर्षी ते गेले. म्हणजे आपल्या अकरावीतल्या कॅडेटच्या वयाच्या मुलाने एका उद्ध्वस्त फौजेची घडी पुन्हा बसवायला घेतली, तीही सख्खा काका विरोधात असताना. पराभव एका पुस्तकात आणि त्यानंतरची सावरासावर दुसऱ्यात, अशी जोडी लागते.

आता ज्या पुस्तकावरून इन्स्ट्रक्टर आणि पालक या दोघांनाही थोडी धास्ती वाटते, त्याविषयी. एरिक मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' 1929 मध्ये पुस्तकरूपाने आली. रेमार्क स्वतः पहिल्या महायुद्धात लढले, 1917 मध्ये जखमी झाले. कादंबरीतला पॉल बॉयमर आणि त्याचे वर्गमित्र शाळेतून थेट आघाडीवर जातात, कारण त्यांचे मास्तर, कांटोरेक, त्यांना देशप्रेमावर भाषणे देऊन भरतीच्या कचेरीपर्यंत नेऊन सोडतात. 1933 मध्ये नाझींनी ज्या पुस्तकांची होळी केली त्यांत हेही होते.

लष्करी शाळेत हे पुस्तक वाचावे का? "मुलांचे मनोधैर्य खचेल" ही शंका मी ऐकली आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती मी हे पुस्तक देणार नाही. पण दहावीच्या पुढच्या मुलांनी ते इन्स्ट्रक्टरसह वाचावे असे माझे ठाम मत आहे. पहिले कारण, त्यात भीती जशी असते तशी आहे. पॉल तोफांच्या माऱ्याखाली भितो आणि तरीही शेजारच्या नवख्या पोराला सांभाळतो. भीती वाटणारच नाही असे समजून जो अकादमीत जातो, त्याची पहिली खरी भीती त्याला एकट्याने झेलावी लागते. दुसरे कारण, त्यातला काट हा वयाने मोठा शिपाई. कुठे काय खायला मिळेल, कोणता गोळा कुठे पडेल हे त्याला आवाजावरून कळते. उद्या जे अधिकारी होतील त्यांनी आपल्या सुभेदारसाहेबांकडून किती शिकायचे असते, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. तिसरे कारण गमतीचे आहे. कवायतीत पोरांना छळणारा हिमेलश्टॉस नावाचा कॉर्पोरल त्यात आहे, आणि नागरी आयुष्यात तो पोस्टमन असतो. त्याच्यावरच्या चर्चेला आपल्या ड्रिल उस्तादांना बोलवावे; कडक शिस्त आणि छळ यांच्यातली रेघ ते पुस्तकी माणसापेक्षा नेमकी दाखवतील.

एका प्रसंगासाठी मात्र संपूर्ण बैठक राखून ठेवावी लागेल. गोळ्याने पडलेल्या खड्ड्यात पॉल एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि मग तो मरेपर्यंत त्याच्याजवळ अडकून पडतो. त्यावर कोणाला बोलायचे नसेल तर बोलू नये. गप्प बसून ऐकणाराही मंडळाचाच असतो.

याच युद्धातला भारतीय शिपाई पाहायचा असेल तर मुल्कराज आनंद यांची 'अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स' आहे. त्यांचे वडील ब्रिटिश हिंदी सैन्यात नोकरीला होते. पंजाबच्या खेड्यातला लालू 1914 मध्ये मार्सेय बंदरात उतरतो आणि फ्लँडर्सच्या चिखलात पोहोचतो. हे युद्ध आपले आहे की नाही, हा प्रश्न त्याला पॉलपेक्षा वेगळ्या तऱ्हेने पडतो, आणि तो आपल्या मुलांना जवळचा वाटेल. दोन्ही पुस्तके इंग्रजीत वाचून चर्चा मराठीत केली तरी हरकत नाही. किंबहुना त्याने मराठीला चांगला व्यायाम मिळतो.

मुली शाळेत आल्यापासून निवडीत आणखी एक गोष्ट पाहणे भाग आहे. सैनिक शाळांत 2021-22 पासून मुलींना प्रवेश मिळू लागला, डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात 2022 पासून. आपल्या यादीतली बहुतेक पुस्तके पुरुषांनी पुरुषांवर लिहिलेली. त्यांतल्या बायका दारात ओवाळतात, निरोप देतात आणि पान उलटले की दिसेनाशा होतात. 'बळी' (1950) ही विभावरी शिरूरकर यांची कादंबरी या दृष्टीने सुचवतो. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणाआड वसाहतींत ठेवले होते; सोलापूरच्या अशा वसाहतीत मालतीबाईंनी काम केले होते आणि ते जग त्यांनी कादंबरीत आणले. हजेरी, पहारा, शिक्षा हे शब्द आपल्या रोजच्या वापरातले. तेच शब्द कुंपणाच्या आतल्या माणसाच्या तोंडून ऐकताना वेगळे लागतात. वरच्या वर्गांसाठी ठेवावी. तिच्या जोडीला अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (1959) शोभेल. दुष्काळात उपाशी वस्तीसाठी धान्य आणि सरकारी खजिना लुटणारा फकिरा गुन्हेगार की नायक, यावर मंडळाचे दोन तट पडतील.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' (2004) भाषेच्या दृष्टीने सर्वांत सोपी. नववीतला मुलगा स्वतःच बोलतो, मागे आणीबाणीचा काळ आहे. आपल्या सत्राच्या हिशेबाला ती थोडी जड होईल, पण बोलभाषेमुळे पाने भराभर उलटतात. काही पालकांना त्यातले कोवळे प्रेम खटकते. मला त्यात खटकण्यासारखे काही दिसत नाही. 'कोसला' वसतिगृहाची आहे म्हणून दरवर्षी कोणीतरी सुचवतो. ती कॉलेजात गेल्यावर वाचा, तेव्हा ती तुमची होईल. आणि हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' व तिचा पु. ल. देशपांड्यांनी केलेला मराठी अवतार 'एका कोळियाने' ही जोडी पावसाळ्यातल्या एखाद्या लहान सत्रासाठी राखून ठेवली आहे. निम्म्यांनी इंग्रजी वाचायची, निम्म्यांनी मराठी, आणि मग परिच्छेदाला परिच्छेद लावून पाहायचा.

निवड प्रत्यक्ष कशी करायची, तेही ठरवून टाकू. जो पुस्तक सुचवेल त्याने त्यातली दोन पाने मोठ्याने वाचून दाखवावीत, तीन मिनिटांत पुस्तकाविषयी सांगावे आणि त्यातले आपल्याला न आवडलेले काहीतरी एक सांगावे. ही शेवटची अट महत्त्वाची. ज्याने पुस्तक वाचलेच नाही, फक्त नाव ऐकले आहे, तो येथे अडकतो.

मग मतदान. लष्करी शाळेत हात वर करून मतदान घेतले की एक गोष्ट हमखास घडते: हाऊस कॅप्टनचा हात कुठे आहे हे पाहून ज्युनियरचे हात वर जातात. यावर फौजेकडेच जुना उपाय आहे. कोर्ट मार्शलमध्ये सदस्यांची मते घेताना सुरुवात हुद्द्याने सर्वांत कनिष्ठ असलेल्या सदस्यापासून करतात, म्हणजे वरिष्ठाचे मत ऐकून त्याचे मत बदलत नाही. आपणही चर्चेत सातवीपासून वर जावे आणि मत चिठ्ठीवर द्यावे.

चिठ्ठीवर एकच नाव लिहू नये; पहिली, दुसरी आणि तिसरी पसंती लिहावी. समजा अकरा जणांत एका पुस्तकाला पाच, दुसऱ्याला चार आणि तिसऱ्याला दोन पहिल्या पसंती मिळाल्या. नुसते मोजले तर पाचवाले जिंकतात आणि सहा जण नको असलेले पुस्तक घेऊन बसतात. त्याऐवजी दोनवाले पुस्तक बाद करावे आणि त्या दोघांची दुसरी पसंती पाहावी. ती दुसऱ्या पुस्तकाला असेल तर त्याची सहा मते होतात आणि तेच निवडावे. निम्म्याहून अधिक जणांना निदान चालण्यासारखे पुस्तक निघते, आणि मंडळ टिकण्याला एवढे पुरते. शिवाय एखादे पुस्तक कोणाला घरच्या किंवा मनाच्या कारणाने अजिबात नको असेल, तर त्याने ते खाजगीत माझ्याकडे सांगावे. वडील किंवा काका सीमेवरून परतले नाहीत अशी मुले आपल्या शाळेत आहेत. त्यांना सर्वांसमोर कारण द्यायला लावणे बरे नव्हे. ते पुस्तक त्या सत्रात यादीत येणार नाही, एवढेच.

प्रतींचा प्रश्न शेवटी येतो, पण निवडीवर त्याचा सर्वांत मोठा परिणाम होतो. ग्रंथालयात मराठी पुस्तकाच्या एक किंवा दोन प्रती असतात, आणि येथे जवळपास मराठी पुस्तकांचे दुकान नाही. म्हणून आजही छापले जाणारे, सहज मिळणारे आणि स्वस्त पुस्तकच घ्यावे. येथे पालकांचे काम येते. निवड झाली की पुस्तकाचे नाव पत्राने कळवले जाईल. शक्य असेल त्यांनी दोन प्रती घ्याव्यात: एक पालकदिनाला येताना मुलासाठी आणावी, आणि दुसरी घरी ठेवून स्वतः वाचावी. वडील पोस्टिंगवर असतील तर त्यांनी आपल्या ठिकाणी वाचावी. रविवारच्या फोनवर "जेवलास का, अभ्यास कसा चाललाय, थंडी आहे का" एवढे झाले की दोन्हीकडे शब्द संपतात, हे आपण सगळे जाणतो. अकराव्या वर्षी घर सोडलेला मुलगा सोळाव्या वर्षी आई-वडिलांशी काय बोलतो, हा लहान प्रश्न नाही. दोघेही एकाच कादंबरीच्या साठाव्या पानावर असतील तर बोलायला काहीतरी तिसरे मिळते. आजीला पुस्तक वाचून दाखवायला सांगा. बोलीतले अडलेले शब्द तीच सोडवेल.

आता या सत्रासाठी माझे मत. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्यावी. ती 1955 सालची, जेमतेम दीडशे पानांची. म्हणजे आपल्या सर्वांत सावकाश वाचकालाही साडेतीन आठवडे पुरतील आणि एखादी चाचणी मध्ये आली तरी गाडी चुकणार नाही. वाक्ये लहान, संवाद माणदेशी धनगरांचे, वर्णन मोजके.

पण मला ती सुचवाविशी वाटते ती गोष्टीसाठी. औंध संस्थानच्या मुलुखातल्या एका धनगरवाडीत वयाने कोवळा मास्तर शाळा चालवायला येतो. वाडीला त्याची गरज वाटत नाही. मुले मेंढरांमागे जातात, मोठी माणसे त्याच्याकडे पोरगा म्हणून पाहतात. त्याच्याकडे नेमणुकीचा कागद आहे, पण त्या कागदाला वाडीत किंमत नाही. मग तो लोकांचे अर्ज लिहितो, भांडणे ऐकतो, वाडीकडून तालीम उभी करून घेतो. म्हातारा कारभारी, आयबू, आनंदा रामोशी ही माणसे त्याला हळूहळू आपला मानतात आणि मधूनच संशयानेही पाहतात. शेवटी दुष्काळ येतो आणि मास्तराच्या हातात काही उरत नाही. पहिल्यांदाच एखाद्या दूरच्या चौकीवर जाणाऱ्या तरुण लेफ्टनंटची गोष्ट याहून फार वेगळी नसते: खांद्यावरचे तारे एका दिवसात मिळतात, माणसांचा विश्वास मिळायला वेळ लागतो. मास्तराने वाडीच्या भानगडीत किती पडायला हवे होते? तालीम बांधायला लावली ती वाडीसाठी की स्वतःच्या समाधानासाठी? यावर माझे मत आहे, पण ते बैठकीत सर्वांच्या शेवटी सांगेन.

अमराठी मित्रांना बरोबर घ्यायचे असेल तर तिचे इंग्रजी भाषांतर 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' या नावाने झाले आहे. अमोल पालेकरांनी 1995 मध्ये तिच्यावर चित्रपटही केला. तो शेवटच्या बैठकीनंतर दाखवू, आधी नाही.

मतदान सत्राच्या दुसऱ्या रविवारी दुपारच्या चहानंतर होईल. ज्यांना 'बनगरवाडी'च्या विरोधात दुसरे पुस्तक उभे करायचे आहे त्यांनी ते जरूर उभे करावे, मात्र दोन पाने वाचून आणि न आवडलेली एक गोष्ट घेऊन यावे. 'बनगरवाडी'ची दोन पाने वाचायला आटपाडी, जत, माण या बाजूचा कोणी असेल तर त्याने शुक्रवारपर्यंत ग्रंथालयात नाव द्यावे.